नव्या कल्पनेला संस्थेत जागा कुठे? चार वाटांची तुलना, कोल्हापूरच्या हिशोबानं

सामाजिक संस्थांत कल्पनांचा दुष्काळ नसतो. पगाराच्या दिवशी गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडहून कार्यकर्ते कोल्हापूरच्या ऑफिसात जमतात, तेव्हाच्या चहाच्या गप्पा तासभर ऐकल्या तरी वर्षभर पुरतील एवढ्या सूचना मिळतात. गाडी अडते ती पुढं. ‘करून बघा’ म्हणायचा अधिकार कोणाला, पैसे कुठल्या खात्यातून आणि फसलं तर जाब कोण देणार, हे तीन प्रश्न कोणी सोडवलेलेच नसतात. मग प्रत्येक सूचना ‘बघू’वर थांबते, आणि दोनदा ‘बघू’ ऐकलेली ताई तिसऱ्यांदा बोलत नाही.

कुस्तीतला नवा डाव कोणी पहिल्यांदाच खासबागेच्या मैदानात टाकत नाही. आधी तालमीच्या हौद्यात, म्हणजे सरावाच्या मातीत, वस्तादांसमोर, पडून-उठून घोटतात. तिथं पडलं तर कुस्ती हरली असं कोणी लिहून ठेवत नाही. संस्थेत हा हौदा कसा तयार करायचा, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि त्याच्या चार वाटा आहेत. खालचे आकडे साधारण ५० लाख वार्षिक खर्च आणि २० कर्मचारी असलेल्या संस्थेसाठी अंदाजानं धरले आहेत. आपल्या संस्थेचा आकार वेगळा असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

| | मासिक अडचण-बैठक | प्रयोग निधी | कॉलेजबरोबर काम | स्वतंत्र माणूस |
|---|---|---|---|---|
| वर्षाचा खर्च | चहा-नाश्ता | ५०,००० रु. | साहित्याचे १५ ते ४० हजार रु. | ३ ते ३.६ लाख रु. |
| पहिला निकाल | महिन्याभरात | ६ ते ८ आठवडे | ८ ते १० महिने | सहा महिन्यांनंतर |
| कशाला योग्य | कामाची पद्धत, वेळा, कागदपत्रं | सेवा, कार्यक्रम | वस्तू, यंत्र, ॲप | एका वेळी बरेच प्रयोग |
| कशानं बिघडतं | ‘बघू’ | मोजणी न ठरवल्यानं | परीक्षा संपली की काम संपतं | बाकीचे हात झटकतात |

बैठक: फुकट आहे म्हणून हलकी समजू नका

महिन्यातून एकदा, ९० मिनिटं, पगाराच्या किंवा मासिक अहवालाच्याच दिवशी. वेगळा दिवस ठेवला तर चंदगडची माणसं शंभरएक किलोमीटर दोनदा येणार नाहीत. पहिली ४५ मिनिटं फक्त फिल्डवरची माणसं बसतील. अध्यक्ष आणि सचिव नंतर येतील. हे आधीच ठरवून टाका, नाहीतर ‘सर, तुम्ही सुरुवात करा’ म्हणता म्हणता सगळी बैठक सरच घेतात.

‘नवीन कल्पना सांगा’ असं विचारलं की खोलीत शांतता पसरते. त्यापेक्षा ‘या महिन्यात कुठलं काम करताना वाटलं, हे कशाला करतोय?’ असं विचारा. उत्तरं धबाधबा येतात: एकच हजेरी तीन रजिस्टरांत, दुपारी दोनची बैठक जेव्हा बाया शेतात असतात, लाभार्थ्याच्या आधारची झेरॉक्स दर वेळी नव्यानं.

हे सगळं एका वहीत चार रकान्यांत उतरवायचं: अडचण, कोणी मांडली, उत्तर, तारीख. उत्तराला तीनच मुभा: हो, नाही (आणि का), किंवा छोटं करून बघा. मुदत १५ दिवस. ‘नाही’ चालतं, गप्प राहणं चालत नाही. सूचना-पेटी बहुतेक ठिकाणी मरते ती याच कारणानं. पेटीत चिठ्ठी टाकणाऱ्याला परत काहीच कळत नाही.

पैशाशिवाय होणारे प्रयोग इथूनच निघतात. पुराचंच बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ फुटांना कोणी कोणाला फोन करायचा, ही साखळी कागदावर लिहिलेली असते, पण चालते का हे आपण जुलैत, पाणी दारात आल्यावर तपासतो. त्याऐवजी मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या एका गावातली एक गल्ली घ्या, ४० घरं. सकाळी दहाला पहिला फोन करा आणि अकरापर्यंत किती घरांत निरोप पोचला ते मोजा. कुठं तुटलं तेही लिहा: नंबर बदललाय, फोन मुलाकडे आणि मुलगा कामावर, फोन उचलला पण निरोप पुढं गेला नाही. खर्च रिचार्जपुरता. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या गावात याला कोणी नाही म्हणत नाही. फक्त ही रंगीत तालीम आहे, हे गल्लीतल्या सगळ्यांना आदल्या दिवशी सांगा, नाहीतर घबराट होईल.

प्रयोग निधी: आमचं मत या बाजूला

वार्षिक खर्चाचा एक टक्का बाजूला काढायचा. ५० लाखांवर ५०,००० रुपये, एका प्रयोगाला कमाल १०,००० रुपये आणि कमाल ४५ दिवस. वर्षात पाच प्रयोग होतात. त्यातले दोन चालले तरी खूप झालं.

पैसे कुठून आणायचे, हा पहिला अडथळा. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून बहुधा जमत नाही. मंजूर अंदाजपत्रकात ओळी ठरलेल्या असतात, अनेक करारांत ठरावीक टक्क्यांपलीकडचा बदल पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही, आणि पैसे उशिरा येऊन ३१ मार्चच्या आत संपवायची घाई असते. परकीय निधी असेल तर आणखी जपून. परकीय देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० ला झालेल्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, शिवाय तो निधी दुसऱ्या संस्थेला पुढं देता येत नाही. म्हणजे दोन संस्थांनी मिळून करायचा प्रयोग त्यातून बसत नाही. उरतात सर्वसाधारण देणग्या, सभासद वर्गणी आणि ठेवींवरचं व्याज. पावतीवर ‘वसतिगृहासाठी’ असं लिहून घेतलेली देणगी इकडं वळवू नका. देणगीदाराला पटवायचंच असेल तर पुढच्या पावतीवर ‘सर्वसाधारण कामासाठी’ लिहायला सांगा.

दुसरा अडथळा खजिनदार. त्यांची भीती वाजवी असते, पण बरीचशी चुकीच्या जागी असते. आयकरातली सूट टिकवायला विश्वस्त संस्थेला उत्पन्नाचे ८५ टक्के उद्दिष्टांसाठी खर्च करावे लागतात, आणि उद्दिष्टांत बसणाऱ्या प्रयोगाचा खर्च त्यातच धरला जातो, प्रयोग यशस्वी झाला नाही तरी. फसलेल्या प्रयोगाला हिशोब तपासनीस हरकत घेत नाहीत, व्हाउचर नसलेल्याला घेतात. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका, तो खर्च आयकरात मान्य होत नाही. आणि संस्थेच्या घटनेतली उद्दिष्टं एकदा काढून वाचा. फक्त शिक्षण लिहिलेल्या संस्थेनं शेळीपालनाचा प्रयोग केला तर अडचण प्रयोगामुळे येत नाही, घटनेमुळे येते.

कार्यकारी मंडळाचा ठराव साधा असू दे: ‘चालू आर्थिक वर्षासाठी ५०,००० रुपये प्रयोग निधी म्हणून मंजूर. एका प्रयोगास कमाल १०,००० रुपये व ४५ दिवस. मंजुरीचा अधिकार कार्यक्रम समन्वयक व खजिनदार यांना संयुक्तपणे. मंडळास दर तिमाहीस माहिती द्यावी.’ शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर प्रत्येक दहा हजारांसाठी मंडळाची बैठक लागते, आणि मंडळाची बैठक कधी होते ते आपल्याला माहीत आहे.

अर्ज एका पानाचा, हातानं लिहिलेला चालेल. त्यात पाच गोष्टी: काय अडतंय, काय करून बघणार, किती खर्च, काय मोजणार, आणि किती आलं तर थांबणार. शेवटची ओळ रिकामी असेल तर पैसे देऊ नका.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड कामगारांच्या मुलांची साखरशाळा चालते. पटावर ९ ते १३ वयाच्या १४ मुली आहेत, पण रोज सरासरी पाच येतात. ऑफिसातला अंदाज असतो की पालकांना महत्त्व कळत नाही, म्हणून पालक मेळावा घ्यावा. तळावरची ताई सांगते, आईबाप पहाटे फडात गेले की धाकट्याला सांभाळायला हीच मुलगी खोपीत थांबते. मग प्रयोग असा: वर्गाच्या कोपऱ्यातच धाकट्यांसाठी जागा करायची, आणि एक मदतनीस बाई ठेवायची, शक्यतो तळावरचीच. खर्च: मदतनीस २०० रुपये रोज, ३६ दिवस, ७,२०० रुपये. दोन सतरंज्या १,२००, खेळणी ६००, चुरमुरे-शेंगा-गूळ १,०००. एकूण बरोबर १०,०००. मोजायचं काय? त्या १४ मुलींची रोजची हजेरी, आधीचे बारा दिवस आणि प्रयोगाचे ३६ दिवस. सरासरी आठच्या पुढं गेली तर पुढच्या हंगामाच्या अंदाजपत्रकात घालायचं. सहावरच राहिली तर थांबायचं. सात आली तर? ते आधीच ठरवून लिहा, कारण नंतर प्रत्येकाला आपापला अर्थ दिसतो.

या मांडणीत बिघडू शकतं ते असं. पहिल्या आठवड्यात खाऊमुळे हजेरी उडी मारते, तिसऱ्या आठवड्यात खाली येते. म्हणून पहिल्या सहा दिवसांचे आकडे सरासरीत धरू नका. टोळी दुसऱ्या गावच्या फडात गेली तर मुली हजर असूनही पटावर गैरहजर दिसतात. आणि मदतनीस तीन दिवस आली नाही तर ते तीन दिवस वेगळे लिहा, प्रयोग फसला म्हणून नव्हे, तर बदली माणूस लागतो हीसुद्धा एक माहितीच आहे.

वेळापत्रक इथल्या वर्षाप्रमाणे बसवा. जुलै-ऑगस्टमध्ये कुठलाही प्रयोग सुरू करू नका. पाणी चढलं की सगळी माणसं शिरोळ-करवीरला मदतीला जातात आणि मोजणी तुटते. गणपती ते दिवाळी सुट्ट्यांनी भरलेली, मार्च हिशोबाचा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर आणि एप्रिल-मे, हेच खरे दिवस.

कॉलेजबरोबर काम: वस्तू हवी असेल तरच

कोल्हापूरचा फायदा इथं आहे. इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, आणि आराखडा दाखवला की लोखंडात उतरवून देणारे कारागीर उद्यमनगरात आहेत. पापड वाळवण्याचं कपाट, व्हीलचेअरसाठी घडीचा रॅम्प, अशा गोष्टींना ही वाट उत्तम. मुलींची हजेरी वाढवायला अजिबात नाही. त्यासाठी समाजकार्याचे विद्यार्थी जास्त कामाचे, कोल्हापुरातल्या ‘सायबर’ या संस्थेसारख्या ठिकाणी तो अभ्यासक्रम चालतो.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पावसाळ्यात ठरतो आणि उन्हाळ्यात परीक्षेबरोबर संपतो. त्यानंतर मुलं नोकरीला पुण्याला. म्हणून सुरुवातीलाच एका पानावर लिहून घ्या: आराखड्याची प्रत संस्थेकडे, दोन नग बनवायचे, सुटे भाग इथल्या बाजारात मिळणारेच वापरायचे, आणि संस्थेच्या एका माणसाला खोलून-जोडून दाखवायचं. ॲप असेल तर ते संस्थेच्या ईमेलवरच्या खात्यावर चढवा, विद्यार्थ्याच्या नव्हे. लाभार्थ्यांची नावं आणि नंबर त्यात जाणार असतील तर २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सांगितल्याप्रमाणे संमती घ्या, मुलांच्या बाबतीत पालकांची. स्पर्धेत बक्षीस मिळालेला नमुना आणि रोज वापरात टिकलेला नमुना, यांची गल्लत संस्था फार वेळा करतात.

स्वतंत्र माणूस: थोडं थांबा

फक्त नव्या प्रयोगांसाठी नेमलेला महिना २५ ते ३० हजारांचा माणूस म्हणजे ५० लाखांच्या संस्थेत सहा-सात टक्के खर्च. सहा महिन्यांत तो प्रस्ताव आणि अहवाल लिहिण्यात बुडतो, कारण ऑफिसात इंग्रजी बरं असलेला तोच असतो. बाकीच्यांना वाटतं, नवीन काही असेल ते त्याचं काम. कार्यक्रम तीनहून जास्त, खर्च दोन कोटींच्या पुढं आणि प्रयोग निधी सलग दोन वर्षं पूर्ण वापरला गेला असेल तर जरूर नेमा, तेही शक्यतो आपल्याच फिल्डवरच्या माणसाला बढती देऊन.

मग निवड कशी करायची

दहापेक्षा कमी माणसं असतील तर बैठक पुरे. दहा ते चाळीस असतील तर तीन महिने नुसती बैठक चालवा, वहीत किमान दहा नोंदींना तारखेसह उत्तर गेलंय का बघा, आणि मगच निधीचा ठराव मांडा. उलट क्रमानं गेलात तर पैसे असतात आणि अर्ज येत नाहीत. मग ऑफिसातलीच माणसं स्वतःच्या कल्पनांना मंजुरी देत बसतात. कॉलेज या दोन्हींच्या जोडीला, गरजेपुरतं.

फेब्रुवारीत निधीचे वीस हजार उरलेले दिसले तर संपवायला म्हणून प्रयोग काढू नका. आलेले अर्ज कोणाकडून आले ते बघा. सगळे शहरातल्या ऑफिसातून आले असतील आणि तालुक्यातून एकही नसेल, तर मागच्या बैठकांत पहिली ४५ मिनिटं खोलीत कोण बसलं होतं, हे वहीतल्या ‘कोणी मांडली’ या रकान्यात शोधा.