स्लो कुकरमधली अननसाची कोंबडी: दहा महिन्यांनंतर

आखाडातला शेवटचा रविवार. पहाटे साडेपाचला उठून ओट्याशी गेले तर स्लो कुकरच्या, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याच्या, काचेवर वाफ नाही, नुसते गार थेंब. पुढच्या पट्टीवर चार आडव्या रेघा लुकलुकत होत्या. भांड्याला हात लावला तर कोमट. आत साडेसहाशे रुपयांचा गावठी कोंबडा, कालच आणलेला, अर्धवट शिजलेला.

रात्री कधीतरी लाईट गेली होती आणि कधीतरी परत आली होती. पावसाळ्यात आमच्याकडे हे रोजचंच, कुठेतरी फांदी तारांवर पडते. प्रश्न लाईटचा नाही. प्रश्न हा की लाईट परत आल्यावर हा कुकर आपणहून सुरू होत नाही. टायमर शून्य, काम बंद. आणि किती वाजता बंद पडला तेही सांगत नाही. अकराला गेली असेल तर कोंबडा साडेसहा तास कोमट बसला, चारला गेली असेल तर दीडच तास. ५ ते ६० अंशांच्या मधे शिजवलेलं अन्न तासन्‌तास राहिलं तर जंतू वाढतात, वास आला नाही तरी. सासूबाई म्हणाल्या, "उकळव परत नि खाऊ." मी नाही म्हटलं. उकळून जंतू मरतात, पण त्यातल्या काहींनी करून ठेवलेलं विष उकळीला दाद देत नाही. शेवटी माडाच्या आळ्यात खड्डा करून पुरला. "माडाला तरी लागू पडेल," इतकंच त्या बोलल्या, पण दुपारपर्यंत माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

मॉडेल साडेतीन लिटरचं, आत चिनीमातीचं भांडं, बटणांचं पॅनेल. भावाने दिवाळीला दिलं, म्हणून पावती मला नंतर दिसली: चार हजार तीनशे. याच कंपनीचा गोल खटका फिरवायचा साधा कुकर बाराशेने स्वस्त आहे. त्याला टायमर नाही, पण लाईट आली की तो बापडा आपला परत तापायला लागतो, कारण खटका 'लो'वर असतो तो 'लो'वरच राहतो. म्हणजे जास्तीचे बाराशे मोजून आपण कोंबडा वाया घालवायची सोय विकत घेतो. मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ते सेफ्टीसाठी आहे." बरं. मग म्हणाला, स्टॅबिलायझर लावा. लाईटच नसेल तर स्टॅबिलायझर काय स्थिर ठेवणार, हे विचारल्यावर त्याने तक्रार क्रमांक दिला. तो क्रमांक अजून माझ्याकडे आहे.

आता ज्यासाठी हे यंत्र घरात आलं ते. मुंबईच्या भाच्याला 'हवाईयन चिकन' हवं होतं. अननस, गूळ, सोया सॉस, आलं-लसूण, सिमला मिरची, सगळं सकाळी भांड्यात टाकायचं आणि संध्याकाळी गोड-आंबट कोंबडी काढायची. आमच्या गुहागरकडे शृंगारतळीच्या बाजारात अननस ताजा मिळत असताना डब्यातला कोण घेणार? ताजा घातला, ब्रॉयलरचे बोनलेस तुकडे घातले, 'लो'वर लावून शाळेत गेले. संध्याकाळी डाव फिरवला तर तुकडा म्हणून नाही. पिठलं. गोड पिठलं. भाच्याने पोळीला लावून खाल्लं, जॅमसारखं.

मी अर्थातच कुकरला शिव्या घातल्या. याचा 'लो' म्हणजे दुसऱ्यांचा 'हाय' आहे, असं सगळ्यांना सांगत सुटले. पुढच्या वेळी चार तासच लावला, तरी तेच. मग एकदा अननस न घालता केलं आणि तुकडे छान अखंड राहिले. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आपण मटणाला कच्ची पपई कशाला लावतो? तोच प्रकार. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. जास्त अननस खाल्ला की जीभ चुरचुरते त्यातही त्याचा हात असतो. उकळीला ते निकामी होतं, पण स्लो कुकर तापायलाच तास-दोन तास घेतो, आणि तेवढा वेळ त्याला मोकळं रान. डब्यातला अननस मुळात गरम करून भरलेला असतो, म्हणून त्यात हे उरतच नाही. हवाईचा अननस जगभर गेला तो डब्यांतून. जेम्स डोलने १९०१ साली तिथे कंपनी काढली ती डब्यांच्याच धंद्यासाठी. पाककृती डब्याची होती आणि मी वापरला बाजारातला. कुकरची चूक नव्हती, हे मला इथे कबूल केलं पाहिजे.

त्यानंतर मी अननसाचे तुकडे गूळ घालून गॅसवर दहा मिनिटं खळाखळा उकळते आणि मगच भांड्यात घालते. आंबटपणाला व्हिनेगर नाही, एक पळी कोकमाचं आगळ. त्याने रंगही चांगला येतो. पाणी अजिबात घालायचं नाही. झाकणाखालून वाफ जात नाही, कोंबडीचंच पाणी सुटतं आणि ते पुरून उरतं. नारळाचं दूध शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर फुटतं. ओले काजूगर मिळाले तर तेही. एरवी हवाई आणि कोकणाचा संबंध काय, पण अननस आणि काजू दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतले, आणि आपल्याकडे दोन्ही पोर्तुगीजांच्या गलबतांतून आले, तेव्हा भांड्यात ते एकमेकांना ओळखत असावेत.

ब्रॉयलर मात्र यात घालू नका, चोथा होतो. गावठीच घ्या. प्रेशर कुकरमध्ये सहा-सात शिट्ट्या घेऊनही जो रबरासारखा राहतो, तो इथे 'लो'वर आठ तासांत हाडापासून सुटतो आणि तरी तोंडात धागा लागतो. मीटर बघून ठेवलं होतं, आठ तासांना दीड युनिट. सासूबाईंनी पहिल्यांदा चव घेतली आणि म्हणाल्या, "हा म्हणजे विजेवरचा वैल गो." चुलीच्या बाजूच्या त्या वैलावर त्यांच्या आईने रात्रभर काय काय ठेवलेलं असायचं, ते मग तासभर ऐकलं. वैलाला लाईट लागत नव्हती, हेही त्यांनी सांगितलंच.

इथपर्यंत लिहून कुकरला पाचपैकी एक तारा देऊन मोकळी होणार होते, पण मधे श्रावण आला आणि कुकर कपाटात गेला. मग गणपती.

मखराची रोषणाई लावायला वाडीतला वायरमन आला होता. लाईट गेली की माळा अर्धा सेकंद विझून परत लागत होत्या. त्याने इन्व्हर्टर पुढे ओढला आणि मागचं बोटाएवढं बटण दाखवलं. "वहिनी, हे यूपीएसवर नाय. नॉर्मलवर हाय." यूपीएसवर केलं की बदल इतका झटकन होतो की कॉम्प्युटरही बंद पडत नाही. माझ्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटर नाही, कुकर आला. कुकर फक्त दोनशे वॅटचा, बॅटरीला दोन-तीन तास काहीच जड नाही.

अडचण एकच. इन्व्हर्टरची लाईन स्वयंपाकघरात नाही, फक्त दिवे-पंखे आणि माजघरातला एक प्लग. नवी वायर ओढायचे त्याने नऊशे सांगितले. मी नाही म्हटलं.

विसर्जनानंतर चाकरमानी होते, तेव्हा कोंबडा माजघरात टीव्हीशेजारच्या स्टुलावर रात्रभर शिजला. एक वाजता लाईट गेली, पावणेतीनला आली. मी दोन्ही वेळा जागी होते. पट्टीवरचे आकडे हलले नाहीत. त्याच खोलीत पाचजण झोपले होते, त्यातला भाचा सकाळी म्हणाला, मामी, रात्रभर भूक लागत होती.

आता चार तारे देते. पाचवा त्या बाराशे रुपयांचा, तो मिळणार नाही. जाऊबाईंना मी गोल खटक्याचाच घ्यायला लावलाय.