दार डावीकडे होतं

आमचे ३६,००० रुपये बुडाले त्याला आता पाच महिने होतील. तरी तो फोटो मी फोनमधून काढलेला नाही. पुढच्या सेमिस्टरला कुणी सेट लावणार असेल तर आधी हे वाचा.

आम्ही सहा जण, पुण्यात मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टसाठी म्युझिक व्हिडिओ करायचा होता. गाणं आमच्याच एका मैत्रिणीचं, रात्रपाळी करून पहाटे खोलीवर परतणाऱ्या मुलीचं. खरी खोली बघितली होती, पण कॅमेरा, लाइट आणि चार माणसं आत शिरली की गाणारीला उभं राहायला जागा उरेना. मग स्टुडिओत तीन भिंतींची खोली उभी करायचं ठरलं. चौथ्या बाजूला कॅमेरा.

सेट माझ्याकडे होता. चौकटीच्या वहीत मापं टाकून सगळं काढलं. मागची भिंत १२ फूट, बाजूच्या आठ-आठ. उंचीही ८ फूटच, कारण प्लायची शीट ८ बाय ४ची येते. उभी लावली की वर आडवा जोड येत नाही. दार उजव्या भिंतीत, खिडकी डाव्या. म्हणजे ती आत आली की पहाटेचा उजेड थेट तोंडावर. अख्खं गाणं त्या एका शॉटवर उभं होतं.

एका सीनियरकडून सेटवाल्याचा नंबर मिळाला. सीनियरनेही त्याच्याकडून कधी काम करून घेतलेलं नव्हतं, हे नंतर कळलं. आम्ही त्याला दादा म्हणायचो. शहराबाहेरच्या एका गाळ्यात भेटला, चहा पाजला. माझी वही बघून "मॅडम, तुम्ही तर आर्ट डायरेक्टरच" म्हणाला. मी इतकी फुगले की कप वहीवरच टेकवला. पानांचे फोटो त्याने तिथेच काढून घेतले. गाळ्यात प्लाय रचलेला, एक सुतार रंधा मारत होता. हे सगळं त्याचंच, असं आम्ही धरून चाललो.

कोटेशन ४८,०००चं, आणि त्यात ओळ एकच: 'सेट, मटेरियल व लेबरसह, १ लॉट'. आता तो कागद बघितला की स्वतःचाच राग येतो. मागे तीन आणि बाजूंना दोन-दोन, सात शीट लागणार हे माझ्याच वहीत होतं. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटला एक चक्कर मारून भाव काढला असता तर हा आकडा कुठून आला एवढं तरी विचारता आलं असतं. शीट किती जाडीची, रंगाचे हात किती, टेम्पो कुणाचा, शूटनंतर सेट उतरवायचे पैसे यातच की वेगळे, काही म्हणजे काही लिहून घेतलं नाही. निम्मे, म्हणजे २४,००० यूपीआयने दिले. खात्यावर नाव भलतंच आलं. "मिसेसचं आहे."

आठ दिवसांनी फोटो आला. भिंती उभ्या, कच्चा पोपटी रंग, कडेला कालनिर्णय टांगलेलं. ग्रुपवर बदामांचा पाऊस. पाठोपाठ मेसेज: "फायनल रंगाचे १२,००० टाका, पेंटर थांबलाय."

मला दार डावीकडे दिसलं. विचारलं तर म्हणाला, "मोबाइल फोटो उलटा काढतो ना मॅडम." सेल्फी उलटी येते हे खरंच, त्यामुळे पटलं. टाकले.

रात्री दोनला झोप येईना म्हणून फोटो मोठा करून बघितला. कालनिर्णयावरचे आकडे सुलट होते.

सकाळी त्याचा फोन बंद. गाळ्यावर गेलो तर सुतार म्हणाला, "तो गिऱ्हाईक घेऊन येतो इथं कधीमधी. गाळा आमच्या शेठचा."

तिथून पुढेही आम्ही माती खाल्ली. धमकीचे आणि विनवणीचे मेसेज टाकत चार दिवस घालवले. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे. लगेच फोन केला तर पैसे पुढे सरकायच्या आत अडवले जाण्याची शक्यता असते. आम्ही केला तोवर खातं रिकामं. चौकीत आधी "हा तुमचा आपसातला व्यवहार" असं ऐकवलं. चॅटच्या प्रिंट, तो फोटो आणि वहीचं पान शेजारी-शेजारी ठेवलं तेव्हा अर्ज घेतला. (चारसोबीस आता चारसोबीस राहिलेलं नाही. १ जुलै २०२४पासून फसवणुकीचं कलम ३१८ आहे.)

स्टुडिओचं भाडं आधीच भरलेलं. शेवटी मागे काळं कापड सोडलं, जुन्या बाजारातून एक सुटं दार आणलं आणि ते उजवीकडे एकटंच उभं केलं. व्हिडिओ झाला.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या कॉलेजातल्या एका मुलाचा मेसेज आला. एका सेटवाल्याने 'आमच्या डिझायनरचं काम' म्हणून चित्र पाठवलंय, माणूस बरा वाटतो का? चित्र उघडलं. चौकटीच्या वहीचं पान, दार उजवीकडे, आणि कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग.