बॅकअप रिलीजसाठी टेनपिन बोलिंगचा बॉल ड्रिल केला: हंगामभर वापरून झाल्यावर

बॉलला दुसऱ्यांदा बोटांची छिद्रं पाडल्याचे, म्हणजे ड्रिलिंगचे पैसे परत देणार नाही, असं दुकानाने परवा सांगितलं, म्हणून लिहायला बसलो. बॉल १४ पौंडी, रिॲक्टिव्ह (लेनवर पकड घेणाऱ्या कव्हरचा), सिमेट्रिक कोअरचा, म्हणजे आतला वजनदार गाभा सारख्या आकाराचा. मी उजव्या हाताने खेळतो, पण सोडताना मनगट बाहेर वळतं आणि बॉल डावीकडून उजवीकडे वळतो, यालाच बॅकअप रिलीज म्हणतात. राहतो हिंगणघाटजवळच्या खेड्यात, लेन नागपूरला. कापूस विकून बॉल घेतला, त्यामुळे रुपया-रुपयाचा हिशोब मागणारच.

रिलीज बॅकअप आहे हे ऑर्डर देतानाच सांगितलं होतं. तरी बॉल आला तो उजव्या हाताच्या नेहमीच्या लेआउटचा (छिद्रं आणि कोअर यांची मांडणी), पिन, म्हणजे कोअरचं टोक दाखवणारी बॉलवरची रंगीत खूण, अनामिकेच्या वर, जरा उजवीकडे.

सगळं बिघडलं ते त्या पिनमुळे. बॅकअपवाल्याचा पीएपी, म्हणजे बॉल ज्या आसावर फिरतो त्याचं टोक, ग्रिपच्या डाव्या बाजूला येतं. पिन उजवीकडे ठेवली की दोघांतलं अंतर पावणेसात इंचांच्या जवळ जातं आणि कोअर काही कामच करत नाही. फ्लेअर नाही, म्हणजे दर फेरीत बॉलचा नवा भाग लेनवर टेकत नाही. परत आलेल्या बॉलवर लेनला लावलेल्या तेलाचं एकच जाड कडं दिसायचं, तेही अनामिकेच्या छिद्राला लागून. प्रत्येक फेरीत तोच तेलकट पट्टा लेनवर टेकणार, मग पकड येणार कुठून? त्यात मी खेळतो डावीकडून, १-२ पॉकेटसाठी, म्हणजे १ आणि २ नंबरच्या पिनांमधल्या जागेसाठी. बहुतेक लोक उजवीकडून टाकतात, म्हणून लेनच्या डाव्या फळ्यांवरचं तेल लवकर उडत नाही. नेमका तिथेच बॉलचा ताजा पृष्ठभाग लागतो.

दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, "सर, तुम्ही रिलीजच बदला." मग म्हणे एक जादा छिद्र पाडून देतो. ते कसं चालेल? १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या (अमेरिकेतली बोलिंग संघटना) नियमात बॅलन्स होल, म्हणजे बॉलचं वजन सावरण्यासाठी पाडलेलं बोट न घालायचं जादा छिद्र, बंद आहे. ड्रिलिंग करणाऱ्याला हे माहीत नसावं याचा मला अजून राग येतो.

तोवर हा बॉल घेऊ नका असंच लिहिणार होतो. नागपूरच्या लेनवर एक दादा भेटले. म्हणाले, "बॉल खराब नाही भाऊ, तुमचा पीएपीच कोणी काढला नाही. थांबा." पांढऱ्या टेपचा तुकडा डाव्या बाजूला लावला, मला टाकायला लावलं, टेप सरकवत गेले. टेप गोल न फिरता जागच्या जागी स्थिर दिसली, ती जागा मार्करने खूण केली. त्या मापावर जुनी छिद्रं प्लग करून, म्हणजे बुजवून, बॉल पुन्हा ड्रिल झाला: बोटांची छिद्रं उजव्या हाताची, लेआउट डावखुऱ्याचा, पिन पीएपीपासून चार इंचांवर.

आता कडी वेगवेगळी सुटी दिसतात, छिद्रांपासून लांब. शेवटच्या टप्प्यात बॉल खरोखर उजवीकडे धावतो आणि १० नंबरची पिन त्याच वळणाने घेता येते. ७ नंबरला मात्र प्लास्टिकचा बॉल सरळ टाकतो. मला हा बॉल मनापासून आवडतो. मत बदललं ते बॉलबद्दल, दुकानाबद्दल नाही.

उन्हाळ्याचं एक सांगतो. मे महिन्यात बसमधून उतरलं की अंगठा सुजलेला असतो आणि एसीत बसलं की गेम संपेपर्यंत ढिला पडतो. अंगठ्याचं छिद्र थोडं मोठं करून घ्या आणि आत टेप कमी-जास्त करत राहा. बॉल उन्हात उभ्या गाडीत अजिबात ठेवू नका, कव्हरला तडा जाऊ शकतो. माझा घरात माठाजवळ गोणपाटावर असतो.

प्लगचे, दुसऱ्या ड्रिलचे आणि कुरिअरचे पैसे मीच भरले. बॉल सव्वासहा किलोच्या आसपास, कुरिअर काही स्वस्त पडत नाही. ते पैसे मी मागतच राहणार. तुम्ही ऑर्डर द्याल तेव्हा फोनवर सांगून सोडू नका. "उजवा हात, बॅकअप, डावा लेआउट" असं लिहून द्या, सोबत पीएपी ग्रिपच्या मध्यापासून डावीकडे किती इंच आणि वर किंवा खाली किती, ते माप द्या, आणि ड्रिल मशीनवर बॉल चढण्याआधी पिनची खूण केलेला फोटो मागवा.