आरएक्स १३५ डर्टसाठी तयार केली: एक उन्हाळा आणि एक पावसाळा चालवल्यानंतर

यामाहाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, आरएक्स १३५ फाइव्ह-स्पीड, डर्टसाठी म्हणजे कच्च्या मातीवर पळवायला तयार करून घेतली, त्याला आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटला. चेंबर (खास आकाराचा एक्झॉस्ट), कार्बन रीड (इनटेकच्या झडपेच्या पाकळ्या), फोर्ज्ड पिस्टन, क्रँकचं काम, मागचा मोठा स्प्रॉकेट, सगळ्यांबद्दल लिहितो. पण इंजिन आज जिवंत आहे ते ज्या वस्तूमुळे, ती म्हापशातल्या एका औषधाच्या दुकानात हजाराच्या आत मिळाली: रक्तदाब मोजायचा काट्याचा मीटर आणि त्याचा रबरी फुगा. त्याच्याबद्दल मी बाकीच्या सगळ्यापेक्षा जास्त लिहिणार आहे, कारण टू-स्ट्रोकवर पैसे घालणारे बहुतेक जण हे काम करतच नाहीत.

इंजिनचं काम घाटावरच्या एका वर्कशॉपमध्ये झालं. नाव लिहीत नाही. रीबोअर, नवा क्रँकपिन आणि कनेक्टिंग रॉड, सी-थ्री बेअरिंग, ऑइल सीलची जोडी, असं सगळं बिलात होतं. गाडी घरी आली आणि पहिले काही आठवडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका ओळखीच्यांच्या पडीक जमिनीवर अशी पळाली की मी खूश होतो. मग एक गोष्ट खटकायला लागली. इंजिन चांगलं तापलं की रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली यायचा नाही. क्षणभर वरच लटकून राहायचा आणि मग उतरायचा. वर्कशॉपला फोन केला तर उत्तर मिळालं, एअर स्क्रू अर्धा फेरा फिरवा. फिरवला. काही फरक नाही. पुढच्या सरावात लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी रेस सोडली आणि मागचं चाक जाम झालं. पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने वरपासून खालपर्यंत ओरबाडलेला.

वर्कशॉपचं म्हणणं, "तुम्ही जेटिंग पातळ ठेवलंत, वर हे ई-ट्वेंटी पेट्रोल. आमच्या कामात दोष नाही." पातळ म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, आणि ई-ट्वेंटी म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) मी त्यांनी बसवलेल्यापेक्षा एक नंबर मोठाच ठेवला होता आणि प्लगचा रंग छान तपकिरी येत होता, तेव्हा हे मला मान्य होणं शक्य नव्हतं. नवा पिस्टन विकत घ्या आणि पुन्हा बोअर मारून घ्या, एवढाच त्यांचा सल्ला. कारण न शोधता पुन्हा पिस्टन घालायचा म्हणजे तेच पैसे पुन्हा जाळायचे.

म्हणून लीक टेस्ट. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालचा क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना तिथे निर्वात तयार होतो, त्याने कार्ब्युरेटरमधून मिश्रण ओढलं जातं, आणि पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबून ट्रान्स्फर पोर्टमधून वर ढकललं जातं. या पंपाला कुठेही बारीक भोक असेल तर कार्ब्युरेटरला वळसा घालून नुसती हवा आत येते आणि मिश्रण पातळ होतं. गाडी प्रीमिक्सवर, म्हणजे आधीच तेल मिसळलेल्या पेट्रोलवर, असेल तर धोका दुप्पट, कारण पेट्रोलबरोबरच तेल येतं. पेट्रोलचं प्रमाण घटलं की तेलाचंही घटलं.

कृती सविस्तर देतो. चेंबर उतरवा आणि एक्झॉस्ट पोर्टवर जाड रबराचा तुकडा ठेवून पत्र्याच्या पट्टीने बोल्टांनी आवळा. रबर सायकलच्या जुन्या ट्यूबचं चालतं. कार्ब्युरेटर काढून इनटेकच्या रबरात नायलॉनचा बूच बसवा. बुचाला आरपार भोक आणि त्यात नळी, हे कोणताही लेथवाला करून देतो. हवा प्लगच्या भोकातून भरू नका. तिथून भरली तर रीड बंद राहतात आणि त्यांच्या बाहेरचं रबर तपासलंच जात नाही. ऑटोल्यूब पंप (इंजिनला तेल आपोआप पुरवणारा) काढून टाकला असेल तर तेलाचं निपल बंद असल्याची खात्री करा, कारण गळतीची ती एक हमखास जागा. पिस्टन पूर्ण खाली आणा म्हणजे ट्रान्स्फर उघडे राहतील आणि वरचं-खालचं सगळं इंजिन एकदम तपासलं जाईल. फुग्याने हवा भरून काटा ३०० पर्यंत न्या. हा आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरचा, म्हणजे सहा पीएसआयच्या किंचित खाली, आणि या कामाला एवढाच दाब हवा. कम्प्रेसर लावाल तर चांगलं सीलसुद्धा उखडून बाहेर येईल. मीटर काट्याचाच घ्या, डिजिटल यंत्राचा इथे उपयोग नाही. झडप बंद करून पाच-सहा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं.

माझा काटा डोळ्यांदेखत खाली गेला. साबणाचं पाणी हेडच्या सांध्यावर, बॅरलच्या खालच्या गॅस्केटवर, रीड ब्लॉकवर लावलं, कुठेच काही नाही. मॅग्नेटो काढला आणि डाव्या बाजूच्या क्रँक सीलवर पाणी सोडलं, तर बुडबुड्यांची रांग. सील बाहेर काढलं तर त्याची कड सुपारीसारखी कडक. बिलात पैसे लावलेलं नवं सील बसवलेलंच नव्हतं, जुनंच पुसून ठेवलं होतं. त्याचा व्हिडिओ पाठवल्यावर वर्कशॉपचा सूर बदलला. सीलचे आणि मजुरीचे पैसे परत आले. पिस्टन आणि बोअरचा खर्च मात्र माझ्याच माथी बसला, आणि ते मला आजही पटलेलं नाही. पिस्टन गेला तो त्याच सीलमुळे.

उजव्या, क्लचच्या बाजूच्या सीलची लक्षणं वेगळी. ते गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढायला लागतं, पांढरा धूर वाढतो आणि गिअर ऑइलची पातळी कारण नसताना उतरते. टेस्टमध्ये ते शोधायचं तर गिअर ऑइल भरायच्या भोकाशी कान लावायचा, हवेची शीळ ऐकू येते. नवं सील बसवताना स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे.

आता पॉवर. एक्स्पान्शन चेंबरला मी मे महिन्यात विचारलं असतंत तर डोळे झाकून पूर्ण गुण दिले असते. कडक सुकलेल्या जांभ्याच्या मातीवर तो पॉवर बँड (जोर एकदम येतो तो आरपीएमचा पट्टा) लागतो तेव्हा १३२ सीसीची गाडी आहे यावर विश्वास बसत नाही. चेंबरचं काम लाटांचं. रुंद होत जाणाऱ्या भागातून परतणारी लाट सिलेंडरमधला जळका धूर ओढून घेते, आणि पुढच्या अरुंद होणाऱ्या भागावर आपटून परत येणारी लाट एक्झॉस्ट पोर्टातून निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा आत कोंबते. पण हे सगळं चेंबरच्या लांबीला जुळणाऱ्या आरपीएमलाच घडतं. पाऊस सुरू झाला, लाल माती निसरडी झाली, आणि तोच पॉवर बँड त्रासाचा व्हायला लागला. खाली काहीच जोर नाही आणि मग एकदम सगळा येतो, मागचं चाक जागच्या जागी फिरतं. जूनच्या अखेरीस मी चेंबर उतरवून कंपनीचा सायलेन्सर परत लावला आणि मागे दोन दात जास्तीचा स्प्रॉकेट टाकला. चढावर, चिखलात, घट्ट वळणातून बाहेर पडताना गाडी आधीपेक्षा जलद आहे. चेंबरच्या खर्चाच्या मानाने स्प्रॉकेट किरकोळ. आज माझं मत असं की आपल्याकडे निम्मं वर्ष चिखल असताना आधी स्प्रॉकेट बदलावा आणि चेंबर मागाहून घ्यावा. एक्झॉस्ट पोर्ट घासून उंच करण्याचा आग्रह वर्कशॉपने फार केला होता. नाही म्हटलं, कारण त्याने जोर आणखी वर सरकतो आणि खालचा आणखी जातो, शिवाय घासलेलं परत भरता येत नाही.

कार्बन रीडने जोर वाढला असं मला जाणवलं नाही. तरी ते ठेवणार आहे, कारण स्टीलची पाकळी तुटली तर तुकडा इंजिनात जाऊन सिलेंडर खराब करतो, कार्बनची कड फक्त विसविशीत होते. दर महिन्याला उघडून उजेडासमोर धरायची. फोर्ज्ड पिस्टन मजबूत आहे, पण तापल्यावर जास्त फुगतो म्हणून त्याला बोअरमध्ये मोकळीक जास्त लागते. थंड इंजिनाला रेस दिली तर हा पिस्टन माफ करत नाही. बॅरल हाताला नीट गरम लागेपर्यंत मी गिअर टाकत नाही.

पेट्रोलबद्दल वर्कशॉपचं बोलणं अगदीच पोकळ नव्हतं. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या जेटने मिश्रण थोडं पातळच होणार. मेन जेट वर नेणं गरजेचंच आहे. डिसेंबरच्या थंड सकाळी हवा दाट असते, तेव्हा आणखी एक नंबर वर, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत परत खाली. आपल्याकडची खरी भीती साठवणुकीची. इथेनॉल पाणी ओढतं, पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल वरच्या पेट्रोलात राहतं. कार्ब्युरेटरला जातं ते तळाचं, बिनतेलाचं. गणेश चवथीच्या आठवड्यात गाडी उभी राहणार म्हणून मी टाकी आणि फ्लोट बाउल दोन्ही रिकामे केले. प्रीमिक्सही त्या दिवसापुरतंच बनवतो, लिटरला ३० मिली, जॅसो एफडी (टू-स्ट्रोक तेलाची जपानी प्रतवारी) दर्जाचं तेल. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित, या समजाने कोणी ५० मिली घालत असेल तर लक्षात घ्या, जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल तेवढंच कमी होतं आणि मिश्रण पातळ होतं.

एअर फिल्टर. खाणपट्ट्यातली लाल धूळ पिठाएवढी बारीक, कोरड्या फोममधून सहज आत जाते. फोम रॉकेलमध्ये धुवायचा, मग साबणाच्या पाण्यात, सावलीत वाळवायचा, फिल्टर ऑइल चोळून जास्तीचं पिळून काढायचं, आणि बसण्याच्या कडेला ग्रीस. पेट्रोलमध्ये धुवू नका, फोमचे जोड सुटतात. सरावाच्या प्रत्येक दिवसानंतर हे करतो, म्हणून दोन फोम आलटून पालटून वापरतो.

परदेशी मोटोक्रॉस गाडी घेऊ की आरएक्सवरच खर्च करू, असं खूप जण विचारतात. ती गाडी पहिल्या किकपासून या सगळ्याच्या पुढे आहे, यात वाद नाही. पण तिच्या सिलेंडरला आतून निकासिलचा (निकेलचा कठीण) थर असतो, ओरबाडला तर साधं रीबोअर करून चालत नाही. आरएक्सच्या बॅरलमध्ये बीडाचा लायनर आहे. पाव मिलिमीटर मोठा पिस्टन आणा, बोअर मारा, पुन्हा मैदानात. असे चार ओव्हरसाइज मिळतात. माझा दुसरा चालू आहे. माझ्या खिशाला हेच परवडतं.

ही गाडी रस्त्यावर आणता येत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असे बदल बसत नाहीत. मी ती पिकअपमध्ये घालून नेतो. सत्तरीतला बराच डोंगर म्हादई अभयारण्यात येतो, तिथे गाडी न्यायचीच नाही. जमीनमालकाची परवानगी घेतलेल्या जागेतच चालवा, नाहीतर गावकरी सगळ्यांनाच बंद करतील आणि ते योग्यच असेल.

नव्या सीलनंतर काटा पाच मिनिटांत जेमतेम हलतो. पावसाळा संपल्यावर पुन्हा टेस्ट केली, तेव्हाही तेवढाच. रेस सोडली की आवाज लगेच खाली येतो. चेंबर नोव्हेंबरात माती सुकली की परत लावणार आहे, स्प्रॉकेट मात्र आहे तोच राहील. कोणी क्रँक बाहेर कामाला देणार असेल तर जुनी सील परत मागून घ्या आणि इंजिन ताब्यात घेण्याआधी वर्कशॉपच्या दारातच हवा भरून काटा बघा.