चार मॉनिटरच्या ट्रेडिंग कॉम्प्युटरला कोणते ग्राफिक कार्ड घ्यावे?

"किती जीबीचं पाहिजे?" ट्रेडिंगसाठी ग्राफिक कार्ड मागितले की बेळगाव काय, निपाणी काय, काउंटरवरून पहिला प्रश्न हाच येतो. उत्तर द्यायच्या आधी हिशोब करून बघा. १९२० बाय १०८० चा एक मॉनिटर रंगवायला कार्डाची साधारण ८ एमबी मेमरी लागते, म्हणजे चार मॉनिटरला ३३ एमबी. बाकीची मेमरी ब्राउझर खातो. दहा-बारा चार्ट उघडे असतील तर २ जीबीत ओढाताण होते, ४ जीबी पुरते, आणि ८ जीबीचे जादा पैसे चार्टवर कुठेच दिसत नाहीत. दुकानात विचारायचे ते तीनच: या कार्डावर एकाच वेळी किती मॉनिटर पेटतात, पोर्ट कोणते आहेत, आणि आपल्या डब्यातला (कॅबिनेटमधला) एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, ते कार्ड ओढेल का?

भारी कार्डाने ऑर्डर लवकर लागते, हेही डोक्यातून काढून टाका. ऑर्डरचा वेळ इंटरनेट आणि ब्रोकरचा सर्व्हर ठरवतो. रॅम ८ जीबी असेल तर कार्डाच्या आधी ती १६ करा; अडखळणारे चार्ट बऱ्याचदा तिथेच सुधारतात.

कार्ड लागते का, ते आधी ठरवा

इंटेलच्या १२व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधले अंगचे ग्राफिक चार मॉनिटर चालवू शकते. अडते ते मदरबोर्डावर. एच६१० चिपसेटची मर्यादा तीनची, आणि स्वस्त बोर्डावर मागे बहुधा एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए एवढेच असते. बी६६० किंवा बी७६० बोर्डाला चारची मुभा आहे, पण तिथेही मागचे पोर्ट मोजूनच बोला. प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर अंगचे ग्राफिकच नाही; कार्डाशिवाय एकही स्क्रीन लागणार नाही.

दोन मॉनिटर हवे असतील आणि बोर्डावर दोन पोर्ट असतील, तर कार्ड घेऊ नका. ते पैसे मॉनिटरला लावा.

तीन-चार मॉनिटरसाठी कार्ड घ्यायचेच झाले, तर बाजारात पुढ्यात येतात ती ही (डीपी म्हणजे डिस्प्लेपोर्ट):

| कार्ड | एकाच वेळी मॉनिटर | कमाल वीज | पोर्ट | थोडक्यात |
|---|---|---|---|---|
| जीटी ७१०, जीटी ७३० | २ किंवा ३, क्वचित ४ | १९ ते ५० वॅटच्या दरम्यान | व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय | चिप जुनी, नवे ड्रायव्हर बंद |
| जीटी १०३० | २ | ३० वॅट | एचडीएमआय आणि डीव्हीआय किंवा डीपी | दोनच्या पुढे नाही |
| आरएक्स ६४०० | २ | ५३ वॅट | एचडीएमआय, डीपी | नवे असूनही दोनच |
| टी ४०० | ३ | ३० वॅट | ३ मिनी डीपी | लहान डब्यात बसते |
| टी ६०० | ४ | ४० वॅट | ४ मिनी डीपी | चारसाठी सर्वांत सरळ |
| टी १००० | ४ | ५० वॅट | ४ मिनी डीपी | ४ के मॉनिटर असतील तर |
| आरटीएक्स ए४०० | ४ | ५० वॅट | ४ मिनी डीपी | २०२४ चे, वरच्यांहून नवे |
| जीटीएक्स १६५० | बहुधा ३ | ७५ वॅट | एचडीएमआय, डीपी, डीव्हीआय | कंपनीप्रमाणे पोर्ट वेगळे |
| आरटीएक्स ३०५०, ६ जीबी | ४, पण पोर्ट बहुधा ३ | ७० वॅट | एचडीएमआय, डीपी | घरात गेम खेळणारा असेल तर |
| आर्क ए३१०, ए३८० | ४ | ७५ वॅट | मॉडेलप्रमाणे | जुन्या बोर्डावर नको |

सर्वांत जास्त फसवणारी ओळ आरएक्स ६४०० ची. कार्ड नवे, किंमत आवाक्यात, गेमही बऱ्यापैकी चालतात, म्हणून घेतले जाते आणि तिसरा मॉनिटर टेबलावर आल्यावर कळते की मागे दोनच पोर्ट आहेत. जीटी १०३० चे तेच. शिवाय १०३० ची चिप पास्कल पिढीची. २०२५ च्या ऑक्टोबरनंतर तिला नव्या सुधारणा बंद झाल्या असून २०२८ पर्यंत सुरक्षेपुरते ड्रायव्हर मिळतात. ७१० आणि नंतरच्या ७३० ची चिप त्याहून जुनी, केप्लर. तिला सुरक्षेचे ड्रायव्हरही २०२४ नंतर नाहीत. चार एचडीएमआय पोर्टांचे जीटी ७१० मिळते आणि कागदावर ते छान दिसते, कारण कनव्हर्टरची कटकट नाही. पण चिप तीच. २०२४ च्या आधी घेतलेले चालत असेल तर चालू द्या, आज नवे म्हणून पैसे मोजू नका.

आमचा कौल टी ६०० किंवा आरटीएक्स ए४०० ला. दोन्ही लहान, एका खणात बसणारी, वेगळी पॉवर केबल न मागणारी. दोन्हींत निवड करायची तर ज्याचा स्टॉक आणि वॉरंटी पक्की मिळेल ते घ्या. चार्टवर फरक जाणवणार नाही. टी १००० फक्त तेव्हा, जेव्हा चारपैकी दोन-तीन मॉनिटर ४ के असतील.

काटकसरीचा एक मार्ग मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. बोर्डावर दोन पोर्ट आणि त्यात टी ४०० चे तीन, असे पाच मॉनिटर लागतात. त्यासाठी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) आयजीपीयू, म्हणजे अंगच्या ग्राफिकचे, मल्टी मॉनिटर चालू करावे लागते. बहुतेक बोर्ड कार्ड दिसले की अंगचे पोर्ट बंद करतात, आणि "बोर्डाचा पोर्ट मेला" अशी तक्रार तिथूनच सुरू होते. ब्रँडेड डब्यात हीच सोय मल्टी डिस्प्ले अशा नावाने असते. अशी जोडणी केल्यावर हलणारे चार्ट कार्डाच्या मॉनिटरवर ठेवा, मार्केट वॉच आणि ऑर्डर बुक बोर्डाच्या. ब्राउझर एका चिपवर रंगवतो आणि दुसऱ्या चिपच्या स्क्रीनवर दाखवायला चित्र ओढून न्यावे लागते, त्यामुळे तिथला चार्ट थोडा अडखळतो.

जुने जीटी ७१० आहेच, सोबत नवे टी ४०० लावू, हा विचार मात्र सोडा. एनव्हिडियाच्या दोन्ही कार्डांना एकच ड्रायव्हर चालवावा लागतो, म्हणजे जुन्यासाठी नवेही जुन्या ड्रायव्हरला बांधले जाते.

कनव्हर्टर आणि केबल

टी मालिकेच्या आणि ए४०० कार्डांवर मिनी डीपी असते आणि आपल्याकडच्या बहुतेक मॉनिटरना एचडीएमआय, जुन्यांना व्हीजीए. खोका बंद कार्डासोबत कनव्हर्टर येतात, पण ते कोणत्या पोर्टचे आहेत ते बघा. ब्रँडेड कॉम्प्युटरमधून काढलेले कार्ड सुटे मिळते, त्यासोबत काहीच नसते. म्हणून दोन दुकानांचे दर ताडताना कार्डाचा दर अधिक चार कनव्हर्टर असा बेरजेचा आकडा घ्या आणि त्याला पेटणाऱ्या मॉनिटरच्या संख्येने भागा. स्वस्त वाटणारे कार्ड इथे बहुधा मागे पडते.

१०८० च्या एचडीएमआय मॉनिटरला साधा पॅसिव्ह कनव्हर्टर चालतो. व्हीजीएला आणि ४ के ६० हर्ट्झला अॅक्टिव्ह, म्हणजे आत सिग्नल बदलणारी चिप असलेला, लागतो; ४ के ला पॅसिव्ह लावला की स्क्रीन ३० हर्ट्झवर उतरते आणि माउस ओढल्यासारखा वाटतो. कनव्हर्टरची दिशा एकच असते. डीपीतून एचडीएमआय निघते. कार्डाच्या एचडीएमआयमधून डीपीच्या मॉनिटरला जायचे तर वेगळा, यूएसबीतून वीज घेणारा कनव्हर्टर लागतो. डीपीचा हब लावला तर पोर्ट वाढतात, पण कार्डाची मर्यादा वाढत नाही. टी ४०० ला हब लावा की आणखी काही, स्क्रीन तीनच.

डीपीच्या हलक्या केबलचा एक विचित्र दोष आहे. तिच्या २० नंबरच्या पिनेतून वीज जाऊ नये, पण स्वस्त केबलमध्ये ती पिन जोडलेली असते. मग मॉनिटरकडून कार्डात उलटी वीज येते: कॉम्प्युटर बंद केला तरी पंखा किंचित हलतो, किंवा बटण दाबून चालूच होत नाही. कार्ड बदलण्याआधी केबल काढून पाहा.

कार्डाचा खर्च टाळायचा आणखी एक रस्ता म्हणजे ४३ इंची ४ के स्क्रीन. तिच्यात १०८० चे चार मॉनिटर मावतात आणि पोर्ट एकच लागतो, फक्त तो एचडीएमआय २.० किंवा डीपी १.२ असावा. टीव्ही वापरणार असाल तर सेटिंगमध्ये त्या पोर्टचे नाव पीसी करा आणि एचडीएमआयचा यूएचडी पर्याय चालू करा. नाहीतर लाल-हिरव्या आकड्यांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. गैरसोय एवढीच, की ती एक स्क्रीन गेली की सगळेच गेले.

लाईट, यूपीएस आणि धूळ

वीज कंपनी हेस्कॉमची लाईट बाजार बघून जात नाही. ६०० व्हीएचा साधा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटचा असतो, आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी. २४ इंची चार मॉनिटर मिळून १०० वॅटच्या आसपास, डबा ६० ते ८०, त्यात टी ६०० चे जास्तीत जास्त ४०. एकूण सव्वादोनशेच्या आत. बॅटरी नवी असेल तर दहा मिनिटांच्या आसपास मिळतात. पोझिशन कापायला तेवढी पुरे. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच यूपीएसवर घ्या, नाहीतर स्क्रीन चालू आणि नेट बंद. १७० वॅटचे गेमिंग कार्ड चार्टवर पूर्ण वीज ओढत नाही हे खरे, पण घरातल्या कुणी संध्याकाळी गेम लावला आणि तेव्हाच लाईट गेली, तर यूपीएस ओव्हरलोडवर बंद पडतो. शहापूरच्या सराफ गल्लीत सोन्याच्या वायद्यावर नजर ठेवणाऱ्यांना एमसीएक्स हा वायदेबाजार रात्री साडेअकरापर्यंत, हिवाळ्यात त्याच्या पुढेही लागतो, त्यांनी हा विचार आधी करावा.

क्षणभर लाईट जाऊन आली की डीपीवरचे मॉनिटर विंडोजला 'काढले' असे वाटतात आणि सगळ्या खिडक्या पहिल्या स्क्रीनवर गोळा होतात. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मॉनिटरप्रमाणे खिडक्यांची जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. आणि मॉनिटरही यूपीएसवरच घ्या. फक्त डबा यूपीएसवर ठेवून हा त्रास सुटत नाही.

पंखा विनाकारण जोरात फिरत असेल तर मॉनिटरचे हर्ट्झ तपासा. एक ७५ वर आणि बाकी ६० वर असतील तर कार्डाची मेमरी कायम वरच्या वेगात राहते. सगळे ६० वर आणले की कार्ड थंड होते.

निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारी किंवा गळीत हंगामात कारखान्याजवळ ऑफिस असेल, तर तंबाखूची पूड आणि चिपाडाची काजळी कार्डाच्या लहान पंख्यात बसते. दोन-तीन महिन्यांनी डबा उघडून ब्रशने झाडावे. खानापूरकडच्या पावसाळ्यात वेगळेच होते: ओलीने कार्डाच्या सोनेरी कडेवर थर धरतो आणि एखाद्या सकाळी डिस्प्लेच येत नाही. वीज काढून कार्ड बाहेर घ्या, ती कड पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, कण झटका आणि परत घट्ट बसवा.

जुना डबा, जुने कार्ड

ऑफिसातून निघालेले स्लिम डबे ट्रेडिंगला चांगले, पण त्यांत अर्ध्या उंचीचेच कार्ड बसते आणि एसएमपीएसला जादा पॉवर केबल नसते. काही जुन्या डब्यांचा स्लॉट ३५ वॅटच्या वर देत नाही. तिथे टी ४०० एवढीच मजल. कार्डासोबत अर्ध्या उंचीची छोटी पट्टी (ब्रॅकेट) आहे ना, हे बिल होण्याआधी बघा. अशा डब्यात आर्क बसवू नका. इंटेलने ते १०व्या पिढीपासूनच्या बोर्डांसाठी काढले आहे आणि बायोसमध्ये रिसायझेबल बार नावाची सोय लागते.

सेकंड हँड घ्यायचेच तर क्वाड्रो पी ६२० शोधा: चार मिनी डीपी, ४० वॅट, २ जीबी. चिप पास्कल असल्याने दोन-तीन वर्षांची सोय समजून त्याच हिशोबाने भाव करा. ऑनलाईन स्वस्तात दिसणाऱ्या जीटीएक्स १०५० टीआयला मागे निळा व्हीजीए पोर्ट असेल तर हात लावू नका. त्या पिढीच्या चिपमधून व्हीजीए निघतच नाही. आत दुसरीच जुनी चिप नाव बदलून बसवलेली असते. जीपीयू-झेड नावाचे फुकटचे सॉफ्टवेअर अशा कार्डाच्या नावापुढे 'फेक' असे लिहून दाखवते.

बेळगावात घ्या, कोल्हापूरहून आणा की हुबळीहून, बिलावर कार्डाचा सिरीयल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटीत कार्ड कुठे पाठवायचे ते तोंडी न ठेवता बिलामागे लिहून मागा. निपाणीकराला कोल्हापूर जवळ, बेळगावकराला दुकानातच जमा करणे सोयीचे. शक्य असेल तर डबा आणि कनव्हर्टर सोबत नेऊन चारही मॉनिटर तिथेच लावून पाहा. दोनदा रीस्टार्ट करा, मग मॉनिटरांची वीज काढून परत द्या. चारही स्क्रीन आपापल्या जागी परत आल्या की मग पैसे काढा.