औषधाविना प्रसूतीची तयारी करून घेणारा वर्ग : आठ शनिवारांचा हिशेब

एकतिसाव्या आठवड्यात मी आणि माझा नवरा पुण्यातल्या एका प्रसूतिपूर्व वर्गात दाखल झालो. आठ शनिवार, प्रत्येकी दोन तास, जोडप्याचे शुल्क साडेसहा हजार रुपये. वर्गाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत आणि शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई एकट्याने हा व्याप सांभाळतात. माझी तारीख जवळ आली तेव्हा एपिड्यूरल (पाठीच्या कण्याजवळ द्यायचे, कमरेखालची वेदना थांबवणारे औषध) किंवा वेदनाशामक इंजेक्शन न घेता बाळंत होण्याची माझी इच्छा पक्की झाली होती. त्यासाठी नेमकी कोणती तयारी करायची हे मात्र ठाऊक नव्हते. आमचा बेत ऐकून आई एवढेच म्हणाली, ‘‘आम्हाला कुठे होते वर्ग? आणि औषध तरी कुठे होते?’’

तिचे म्हणणे खरे आहे. आपल्याकडे बहुसंख्य बायका वेदनाशमनाविनाच बाळंत होतात. त्यात निवडीचा प्रश्न येत नाही, कारण दुसरी सोयच समोर ठेवलेली नसते. शिवाय ज्याला आपण सरसकट ‘नॉर्मल’ म्हणतो, त्या बाळंतपणात अनेकदा कळा वाढवण्याचे इंजेक्शन सलाईनमधून चालू असते, बाई पाठीवर उताणी असते आणि योनिमार्गाशी छेद देऊन घातलेले टाके ठरलेलेच असतात. त्यामुळे ‘औषधाविना’ या शब्दात वेदना कमी करणारे औषध नसणे आणि वेदना वाढवणारे औषध नसणे अशा दोन वेगळ्या गोष्टी येतात. हा फरक पहिल्याच सत्रात स्पष्ट केला गेला, आणि केवळ तेवढ्यासाठीही पहिल्या सत्राचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन.

शिकवण्याची पद्धत मिश्र आहे. भीतीमुळे शरीर आखडते आणि आखडल्यामुळे वेदना वाढते, हा ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांचा मुद्दा त्यात आहे. फ्रेंच डॉक्टर फर्नांड लामाझ यांनी १९५१ मध्ये सोव्हिएत रशियात पाहून फ्रान्समध्ये रुजवलेली श्वसनाची तंत्रेही आहेत, आणि जोडीला मलासन, मार्जारासन यांसारखी आपली आसने आहेत. सिद्धान्त थोडक्यात उरकून प्रत्यक्ष करून घेण्यावर भर असल्यामुळे दोन तास जड जात नाहीत.

दुसऱ्या सत्रातले एक प्रात्यक्षिक अजून डोळ्यांसमोर आहे. बाईंनी फुग्यात टेबल टेनिसचा चेंडू सरकवला, फुगा फुगवला आणि उलटा धरला, तेव्हा चेंडू तोंडाशी येऊन घट्ट बसला. मग त्या वरच्या बाजूने फुगा दोन्ही हातांनी दाबू लागल्या. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. पहिल्या दहा-बारा दाबांत चेंडू जागचा हलला नाही, पण फुग्याचा लांबट गळा आखूड होत होत नाहीसा झाला, आणि तो पूर्ण नाहीसा झाल्यावरच तोंड उघडू लागले. गर्भपिशवीचे तोंड आधी पातळ होते आणि मग उघडते, म्हणजे सुरुवातीचे कित्येक तास काहीच घडत नाही असे वाटले तरी काम चालूच असते, हे एखाद्या व्याख्यानाने मला इतके पटले नसते. पुढे दाखल झाल्यावर निवासी डॉक्टर ‘‘अजून दोनच बोटे उघडले आहे’’ असे म्हणाल्या, तेव्हा माझा धीर सुटला नाही. ‘‘पातळ किती झाले आहे?’’ असे मी विचारले, आणि ‘‘जवळजवळ पूर्ण’’ हे उत्तर ऐकून पुढची कळ घेतली.

बर्फाचा सरावही प्रत्येक सत्रात असे. मुठीत बर्फाचा खडा धरून मिनिटभर बसायचे. आधी नुसतेच, मग लांब उच्छ्वास सोडत. पहिल्या खेपेला मी चाळीस सेकंदांत खडा ताटलीत टाकला, आणि चौथ्या शनिवारपर्यंत दोन मिनिटे धरू लागले. अर्थात, बर्फ टाकून देता येतो आणि कळ टाकता येत नाही, हे बाईंनी एकदा तरी मोकळेपणाने सांगायला हवे होते. या सरावातून वेदना सोसण्याची ताकद येते असे मला वाटत नाही. कळ साधारण मिनिटभराची असते आणि तिच्यामागे विसावा असतो, हे वेळापत्रक मात्र अंगात मुरते.

वर्गाचा खरा फायदा मला झाला त्याहून अधिक नवऱ्याला झाला. कमरेच्या दोन्ही बाजूंनी तळहातांनी आत दाब कसा द्यायचा, कळ चालू असताना काही विचारायचे नाही, दर तासाला लघवीला न्यायचे, पाण्याचा पेला न विचारता ओठांशी धरायचा, या गोष्टी त्याच्याकडून इतक्या वेळा घोटून घेतल्या गेल्या की प्रत्यक्ष वेळी तो गोंधळला नाही. सहाव्या सत्रात घरातल्या दुसऱ्या माणसालाही बोलावतात. आई आली, कोपऱ्यात बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. परतताना रिक्षात तिने सांगितले की तिच्या वेळी सरकारी दवाखान्यात तिच्याजवळ कोणीही नव्हते आणि ओरडली म्हणून तिलाच रागावले होते. हे मी पस्तीस वर्षांत प्रथमच ऐकत होते.

आता पहिली तक्रार. रुग्णालयाला कोणते प्रश्न विचारायचे, याचा एक छापील कागद पाचव्या सत्रात दिला जातो. लेबर रूममध्ये सोबतीला कोण थांबू शकते? कळा चालू असताना चालता-फिरता येते का? सर्वांनाच एनिमा आणि टाके देतात का? नाळ लगेच कापतात की मिनिटभर तरी थांबतात? कागद उत्तम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांशी तो जुळतो: सोबतीचा माणूस बाईच्या पसंतीचा असावा, सरसकट छेद देऊन टाके नकोत, आणि पिशवीचे तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत, आई-बाळ सुस्थितीत असताना, कळा वाढवण्याची घाई नको, असे त्या सूचना सांगतात. परंतु पाचवे सत्र म्हणजे माझा पस्तिसावा आठवडा! कागद घेऊन मी नाव नोंदवलेल्या रुग्णालयात गेले, तेव्हा लेबर रूममध्ये तीन टेबले शेजारी शेजारी होती, मध्ये फक्त हिरवे पडदे होते, आणि ‘‘नातेवाईक बाहेर थांबतात’’ हे वाक्य परिचारिकेने मान वर न करता ऐकवले. प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांसाठी सोबतिणीचा आग्रह धरलेला आहे, पण खासगी ठिकाणी त्या त्या रुग्णालयाचा नियम चालतो. पाच शनिवार ज्या नवऱ्याला तयार केले तो दाराबाहेर बसणार असेल, तर सगळा सराव वाया गेला असता. छत्तिसाव्या आठवड्यात फाईल उचलून दुसरीकडे जाण्याची धावपळ मी केली, आणि नव्या डॉक्टरांनी एवढ्या उशिरा घेतले हे माझे नशीब. हा कागद पहिल्या दिवशी, किंबहुना नाव नोंदवतानाच हाती द्यायला हवा.

दुसरी गोष्ट आहाराची. छत्तिसाव्या आठवड्यापासून रोज सहा खजूर खा, असे सर्वांना एका सुरात सांगितले गेले. आमच्या तुकडीत एकीची साखर वाढलेली होती आणि तिनेही ते वहीत उतरवून घेतले. तिच्या डॉक्टरांनी दोन दिवसांनी तिला थांबवले. योनिमार्गाखालच्या भागाची मालीश मात्र नीट शिकवली: कधी सुरू करायची, किती वेळ, कधी टाळायची. पहिलटकरणीला तिचा उपयोग होतो आणि टाक्यांची गरज कमी पडते, हे अभ्यासांतूनही दिसले आहे. त्यासाठी वर्गातच बाटलीबंद तेल विकायला ठेवले आहे, पण ते घेण्याचे कारण नाही. घरातले साधे खोबरेल पुरते.

तिसरी तक्रार अधिक गंभीर आहे. एकोणचाळीस आठवडे आणि चार दिवस झाले असताना, दाखल झाल्यापासून अकरा तासांनी, इंजेक्शन न घेता माझी मुलगी जन्मली. मध्यरात्री कळा वाढवण्याची सूचना झाली होती. बाळाचे ठोके ठीक आहेत का आणि आणखी दोन तास थांबता येईल का, असे नवऱ्याने विचारले, आणि डॉक्टर थांबले. दोन टाके पडलेच. मी ही बातमी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकताच अभिनंदनाचा पाऊस पडला आणि बाईंनी ‘आणखी एक यशस्वी नैसर्गिक प्रसूती’ असे लिहून माझा फोटो वर लावला. त्याच आठवड्यात तुकडीतल्या एकीच्या बाळाचे ठोके उतरले आणि सिझर करावे लागले. तिच्या बातमीखाली चार फुले आणि ‘काळजी घे’ एवढेच आले, आणि दुसऱ्या दिवशी ती गटातून बाहेर पडलेली दिसली. तिने सराव माझ्यापेक्षा जास्त चुकवला नव्हता. उलट बर्फ ती सर्वांत जास्त वेळ धरत असे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या होत्या. अशा वेळी सिझरच्या तयारीला आठव्या सत्रातली शेवटची वीस मिनिटे देणे आणि एपिड्यूरलचा उल्लेख ‘हार मानणे’ असा करणे हे मला अजिबात पटले नाही. मी बाईंना हे सविस्तर लिहून कळवले. प्रश्नांचा कागद पुढच्या तुकडीपासून पहिल्या सत्रात देऊ, असे त्यांचे उत्तर आले. ‘यशस्वी’ या शब्दाविषयी त्या काही बोलल्या नाहीत.

तरीही मैत्रिणीने विचारले तर मी हा वर्ग सुचवीन, पण एकतिसाव्याऐवजी चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यात नाव घाल आणि तो कागद आधीच मागून घे, असे सांगून. आणखी एक: सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. नवव्या महिन्यातल्या बायकांचा वर्ग तेथे भरवण्याची कल्पना कोणाची हे मी विचारले नाही, पण शेवटच्या दोन शनिवारी जिन्याच्या मधल्या पायरीवर आम्ही चौघीजणी बसून दम घेत होतो आणि खालून बाईंचा आवाज येत होता, ‘‘उच्छ्वास लांब सोडा.’’