लाळ आणि पेज, की बटाटा आणि पेरॉक्साइड?

विकरांचा, म्हणजे सजीवांतल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या एन्झाइम्सचा, धडा जवळ आला की नव्याने विज्ञान शिकवायला लागलेले सहकारी हमखास विचारतात, वर्गात करून काय दाखवू? कच्चा बटाटा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, की लाळ आणि पेज? देवगड तालुक्यातल्या शाळेत मी दोन्ही प्रयोग बरीच वर्षं केले, म्हणून माझा अनुभव लिहून ठेवतो.

बटाट्याचा प्रयोग देखणा आहे, यात वाद नाही. नळीतल्या फोडीवर पेरॉक्साइडचा थेंब पडला की क्षणात फेस. नळीच्या तोंडाशी धुमसती उदबत्ती धरली की निखारा लखलखतो. बटाट्यातल्या कॅटॅलेज या विकराचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो, हे त्या फेसाकडे बोट दाखवून सांगता येतं. जखमेवरचा फेसही आपल्याच कॅटॅलेजचा, हे ऐकून पोरं गुडघे-कोपरं चाचपायला लागतात. तासाची दहाच मिनिटं उरली असतील तर मी आजही हाच प्रयोग करेन.

माझं घोडं अडलं ते बाटलीपाशी. पेरॉक्साइड नुसतं ठेवलं तरी त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होत राहतं, ऊन आणि उष्णता मिळाली तर आणखी लवकर. आमची बाटली मे महिनाभर पत्र्याखालच्या कपाटात होती. ऑगस्टमध्ये वर्ग भोवती गोळा केला, थेंब टाकला, आणि कच्ची फोड उकडलेल्या फोडीइतकीच शांत! "सर, कायच होणा नाय," मागून आवाज आला. बटाट्यातलं विकर ठणठणीत होतं, दम गेला होता तो बाटलीचा. पण तीन-चार वह्यांत ‘कच्च्या बटाट्यात विकर नसते’ असा निष्कर्ष उतरलाच. तालुक्याहून नवी बाटली आणली, तीही दुकानात किती दिवस पडली होती देव जाणे, फेस जेमतेम आला. कदाचित माझंच नशीब असेल, पण तेव्हापासून मन दुसऱ्या प्रयोगाकडे वळलं.

पेज कुणाच्याही घरून येते. चमचाभर निवळ पेलाभर पाण्यात घालायची, मीठ घातलेली असली तरी चालते. लाळेतल्या अमायलेजला, म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या विकराला, मिठातलं क्लोराइड लागतंच. चूळ भरून झाल्यावर घेतलेली थोडी लाळ पाण्यात पातळ करून तिच्यात मिसळायची. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर चहाच्या रंगाइतक्या पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचे थेंब मांडायचे आणि दर मिनिटाला एकात मिश्रणाचा थेंब सोडायचा. आधी गडद निळा, मग जांभळा, मग तांबूस, शेवटी आयोडीनचा मूळ पिवळसर रंग. स्टार्चच्या लांब साखळीच्या वेटोळ्यात आयोडीन बसतं म्हणून निळा रंग येतो. साखळी तुटत गेली की रंग उतरत जातो. विकर काम करताना दिसतं ते इथे, मिनिटामिनिटाने. बटाट्यात सगळं एका दमात होऊन जातं.

याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. एक नळी मासळीच्या बर्फात, एक मुलाच्या मुठीत, तिसरीत उकळून गार केलेली लाळ. बर्फातली बराच वेळ निळीच राहते. तिलाही मुठीत धरायला दिलं की रंग उतरायला लागतो. उकळलेलीत मात्र कितीही वेळ ऊब दिली तरी काही होत नाही. थंडीने विकर मंदावतं, उकळल्याने त्याच्या रेणूची घडीच मोडते. हा फरक मी फळ्यावर वर्षानुवर्षं लिहीत होतो, तो मुठीतल्या नळीने एका तासात समजावला.

अडचणी आहेत. लाळ म्हटल्यावर नाकं मुरडली जातात, म्हणून ज्याची लाळ त्यानेच हाताळायची, हा नियम. प्रत्येकाचा वेळही वेगळा येतो. आमच्या वर्गात एकाचं तीन मिनिटांत उरकलं, शेजारच्याला आठ लागली. मला आधी हा दोष वाटायचा. पण अमायलेजच्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात, आणि स्टार्च भरपूर खाणाऱ्या समाजांत त्या सरासरीने जास्त आढळल्याचं 2007 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. वेळेतल्या फरकाला इतरही कारणं असतात, तरी पेजेवर वाढलेल्या मुलांना हे सांगताना वर्ग कान देऊन ऐकतो. शिवाय 1833 मध्ये पायेन आणि पर्सो या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी मोड आलेल्या जवापासून वेगळं केलेलं, इतिहासातलं पहिलं विकर याच कुळातलं.

आम्लाचा परिणाम दाखवायला लिंबू घेऊ नका. मी घेतलं होतं. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचाच रंग घालवतं, आणि आम्लाने विकर थांबण्याऐवजी जोरात चाललं असं मुलांना वाटलं. कोकमाचं आगळही नको, त्याच्या लाल रंगात काही कळत नाही. साधं व्हिनेगर बरं.

आणि बटाटाच करायचा ठरलं, तर बाटली त्याच आठवड्यात आणा आणि आदल्या संध्याकाळी घरच्या बटाट्यावर एक थेंब टाकून बघा.